आभार होईपर्यंत

इन्व्हरडालीच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात सात कुटुंबं होती आणि तेरा पदाधिकारी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, भोजनप्रमुख, ध्वनिव्यवस्थाप्रमुख अशी सगळी पदं वाटून झाल्यावर मी इंग्लंडातल्या रीडिंगहून तिथे पोचले. माझा नवरा प्रसाद आधीच जाऊन खजिनदार होऊन बसला होता आणि खजिना त्याच्या मोज्यांच्या खणात असायचा. माझ्यासाठी पदच शिल्लक नव्हतं. त्यामुळे मंडळाची सभासद म्हणून मी एकटीच उरले. बैठकीत कुणी 'सभासदांच्या भावना लक्षात घ्या' म्हणालं की तेराही जण माझ्या तोंडाकडे बघायचे. मला बहुतेक वेळा घरी जायची भावना व्हायची.

हे सांगायचं कारण म्हणजे वॉल्टर टलॉक. आमच्या त्या उत्तरेकडच्या किनाऱ्याचे एडिंबराच्या पार्लमेंटातले आमदार. स्कॉटलंडला स्वतःचं पार्लमेंट मिळून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि त्यात बसायला कुणीतरी हवं म्हणून गावाने वॉल्टरना पाठवलं होतं. त्यांचा घराण्याचा धंदा मासे धुरावण्याचा. उंच, हडकुळे, वाऱ्याने कायमचे लाल झालेले मोठाले कान, बारा महिने अंगात तोच रेनकोट आणि खिशात पेपरमिंटच्या पांढऱ्या गोळ्या. ते इंग्रजी बोलायचे असं सगळे सांगत, पण पहिले सहा महिने मला ते पटलं नव्हतं.

त्यांचे दोन नियम होते. एक, मतदारसंघातल्या कुठल्याही कार्यक्रमाला नाही म्हणायचं नाही. दुसरा, एकदा बसलं की आभार मानून होईपर्यंत उठायचं नाही. विणकाम मंडळाची वार्षिक सभा असो, कबुतरांची शर्यत असो, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंचा निरोपसमारंभ असो, पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून वॉल्टर बसलेले असायचेच. कार्यक्रम दुसऱ्या तासात शिरला की ते शेजारच्याला एक गोळी द्यायचे. कुणी चुळबुळ करून निघायला लागलं तर हलकेच म्हणायचे, "अजून संपलेलं नाही." बस, एवढंच. त्या माणसाला मग उठायची हिंमत व्हायची नाही.

आमची गाठ पडली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बंदराजवळचा चर्चचा हॉल आम्ही घेतला होता. बाहेरच्या फळ्यावर केअरटेकरने 'लेडीज गॅदरिंग' असं लिहिलं होतं, आणि फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर हे आपल्याला आलेलं आमंत्रण आहे असं वॉल्टर धरून चालायचे. आम्ही सात बायका काळ्या साड्या नेसून, हलव्याचे दागिने सावरत, तिळगुळाचे डबे मांडत होतो आणि दार उघडून हे गृहस्थ आत आले. टोपी काढली आणि पहिल्या रांगेत कडेला बसले.

"अगं, हा कोण? गॅसवाला आहे का?" शैलाताईंनी मला विचारलं. शैलाताई नानिवडेकर आमच्या कार्याध्यक्ष. अध्यक्षांची बायको कार्याध्यक्ष हे तसं ओघानेच आलं.

"काय माहीत. हॉलचा कुणी असेल."

"मग विचार ना. तूच विचार, तू सभासद आहेस."

मी गेले. ते उठून उभे राहिले आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन अत्यंत दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "वॉल्टर टलॉक, तुमचा आमदार. फार वाईट वाटलं." मग प्रत्येकीपाशी जाऊन त्यांनी तसाच हात धरला आणि तसंच सांत्वन केलं. शैलाताईंनी 'थँक यू, थँक यू' म्हणत त्यांच्या तळहातावर तिळगुळ ठेवला. तो त्यांनी तसाच आदराने धरून ठेवला. शेवटी मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "गेलं कोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सात बायका, सातही काळ्या कपड्यांत. मी म्हटलं, "कुणी गेलेलं नाही हो. हा सण आहे. सूर्य उत्तरेकडे यायला लागतो ना, त्याचा."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. जेमतेम पाच वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. "असं होय," ते म्हणाले, "त्याला आमचा पत्ता अजून मिळालेला दिसत नाही." आणि तिळगुळ तोंडात टाकून पुन्हा खुर्चीत बसले.

इथून पुढे खरा घोटाळा झाला. हळदीकुंकवाला शेवट नसतो. बायका येतात, वाण घेतात, जातात. पण पाहुणा बसलेला असताना यजमानिणींनी उठायचं कसं? आणि कार्यक्रम संपलेला नसताना पाहुण्याने उठायचं कसं? दोन्ही बाजू आपापल्या शिस्तीला धरून बसून राहिल्या. आम्ही उखाणे घेतले. परत घेतले. वॉल्टर प्रत्येक उखाण्याला टाळी वाजवत होते. मग आम्ही भोंडल्याची गाणीही म्हटली, ज्यांचा संक्रांतीशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी सगळ्यांना गोळ्या वाटल्या. वाण म्हणून आणलेल्या चहाच्या गाळण्यांपैकी एक त्यांना दिली, म्हटलं आता तरी कळेल. त्यांनी ती उजेडापुढे धरून बघितली आणि मांडीवर ठेवली. केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला तेव्हा शैलाताईंनी हातपाय गाळले आणि नवऱ्याला फोन केला.

डॉक्टर नानिवडेकर व्यवसायाने भूलतज्ज्ञ. हे मी मुद्दाम सांगत नाही, ते होतेच. घरच्या सपाता घालून आले, परिस्थिती एका नजरेत ओळखली आणि आभारप्रदर्शनाला उभे राहिले. हॉलचे, केअरटेकरचे, तिळाचे, गुळाचे, वीजकंपनीचे, हवामानाचे आणि 'वेळात वेळ काढून आलेल्या' आमदारांचे त्यांनी इंग्रजीतून यथासांग आभार मानले आणि शेवटी मराठीतून कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. वॉल्टरांचा चेहरा फुलला. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "सुंदर कार्यक्रम. हे जे शेवटी केलं त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"आभार."

"आभार," त्यांनी घोळवून म्हटलं, आणि गाळणी रेनकोटाच्या खिशात घालून निघून गेले. पुढे एडिंबराला जाऊन त्यांनी ही भेट जाहीर करावी लागेल का अशी रीतसर चौकशी केली म्हणे. भेटवस्तूंची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की गाळणीच ना? त्या दिवसापासून नानिवडेकर त्यांना वॉल्टरराव म्हणायला लागले आणि मग आम्ही सगळेच.

वॉल्टररावांना राजकारणात एकच गोष्ट हवी होती. ब्रेवरची बस.

ब्रे म्हणजे गावामागची टेकडी. तिच्या उतारावर कौन्सिलची जुनी घरं आणि त्यांत बहुतेक म्हातारी माणसं. खाली बंदराकडे दुकानं, पोस्ट, दवाखाना. पूर्वी एक बस दिवसभर वर-खाली करायची. ती परवडत नाही म्हणून बंद झाली. तेव्हापासून वॉल्टरराव आपली माशांची व्हॅन घेऊन ती फेरी मारायचे. आत बाकं ठोकली होती, पट्टे लावले होते आणि इन्शुरन्सवाल्यांशी बरंच भांडून स्वतःच्या एकट्याच्या नावावर परवानगी मिळवली होती. पैसे घ्यायचे नाहीत. मात्र जुन्या बसचं वेळापत्रक काटेकोर पाळायचं. थांब्यावर कुणी असो नसो, व्हॅन उभी राहायची, ते उतरून मागचं दार उघडायचे, वेळ होईपर्यंत उभे राहायचे, मग दार लावून पुढे. मी स्वतः रिकाम्या थांब्यावर रिकाम्या व्हॅनचं दार धरून पावसात उभे असलेले आमदार पाहिले आहेत. एकदा मंत्र्यांचा फोन आला तर म्हणाले, "मी थांब्यावर आहे, पोस्टापाशी पोचलो की करतो." व्हॅनमध्ये बसलेल्या माणसाला धुरावलेल्या हॅडक माशाचा वास दोन दिवस यायचा. पण पार्लमेंटच्या दिवशी, मंगळवार ते गुरुवार, ते एडिंबराला असत आणि ब्रेवरची माणसं वरच अडकायची. मिसेस गिलक्रिस्टसारखी पंचाहत्तरीला टेकलेली बाई दुधाच्या बाटलीसाठी शुक्रवारची वाट बघायची. म्हणून बस परत यायलाच हवी होती.

मंडळाची सहल एडिंबराला गेली तेव्हा त्यांचं भाषण ऐकायचा योग आला. दिवसाचं शेवटचं काम होतं. आधी कुणीतरी सीलच्या पिल्लांवर बोललं. सभागृह भराभर रिकामं झालं. वॉल्टरराव मात्र सील संपेपर्यंत गुडघ्यांवर हात ठेवून बसून होते. मग ते उठले. गॅलरीत आम्ही चौदाजण, खाली बाकांवर दोन-चार डोकी. आकडे नाहीत, कळकळीचं आवाहन नाही. त्यांनी ब्रेवरच्या बसचे थांबे ओळीने वाचले आणि प्रत्येक थांब्यावर कोण उभं राहतं ते सांगितलं. कुणाच्या हातात काठी असते, कुणाला खालच्या पायरीवर हात द्यावा लागतो, कोण नवऱ्याच्या कबरीवर जायला निघते. बस्स. शेजारी नानिवडेकर पुटपुटले, "या माणसाचा सत्कार झाला पाहिजे."

मला त्याच क्षणी भीती वाटायला हवी होती.

पुढची निवडणूक आली तेव्हा वॉल्टररावांची जागा डळमळीत होती. समोर ग्रेगर गिलक्रिस्ट, तरुण, चकचकीत, त्याच मिसेस गिलक्रिस्टचा मुलगा. वॉल्टररावांची निवडणूक बघायची त्यांची धाकटी बहीण इझोबेल. मासे आणि भाऊ यांच्यावर तिने आयुष्य काढलं होतं आणि दोन्हींचा तिला सारखाच कंटाळा होता. एकदा बर्फावर पडून तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून तिला व्हॅनचा गिअर पेलायचा नाही. तिने आम्हाला सांगितलं की तुम्ही कॉमनवेल्थवाले, तुम्हालाही मत आहे. वर्क परमिटवर आलेल्या आमच्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नानिवडेकरांनी तातडीची बैठक बोलावली.

"सत्कार मतदानाच्या दिवशीच करायचा," ते म्हणाले.

प्रसाद म्हणाला, "अहो डॉक्टर, त्या दिवशी ते बिझी असणार. पोलिंग स्टेशनला लोकांना न्यायचं, आणायचं..."

"हे बघा. रिझल्टनंतर केला तर तो पदाचा सत्कार. आधी केला तर माणसाचा. आणि त्या दिवशी शाळेत पोलिंग आहे म्हणून मुलांना सुट्टी, त्यामुळे हॉलवरचा प्लेग्रुपही बंद आहे. अडीच वाजता हॉल फ्री. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. सभासदांचं काय म्हणणं आहे?"

तेराजणांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नको. माझ्या मताची नोंद घेण्यात आली आणि सत्कार ठरला. वॉल्टररावांना विचारलं तेव्हा इझोबेल फोनवर मागून 'नाही म्हण, वॉल्टर, नाही म्हण' असं ओरडताना ऐकू येत होती. ते म्हणाले, "आनंदाने येईन."

मतदानाच्या दिवशी सकाळपासून व्हॅन सुरू झाली. ब्रेवरून जो खाली येईल त्याला शाळेपर्यंत आणायचं. कोण कुणाला मत देणार हे विचारायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. मी नुकत्याच झालेल्या आमच्या बाळाला बाबागाडीत घालून शाळेशी गेले होते तेव्हा पहिल्या खेपेतून मिसेस गिलक्रिस्ट उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "वॉल्टर, मी माझ्या ग्रेगरला मत देणार आहे, हे तुला ठाऊक आहे ना?" वॉल्टरराव म्हणाले, "अर्थात. पायरीकडे लक्ष द्या." झालं असं की ग्रेगरची माणसं ब्रेच्या खालच्या अंगाला राहत, म्हणजे पहिले थांबे त्यांचे. वॉल्टररावांची माणसं टोकाला. व्हॅन खालीच भरून जायची, आणि वेळापत्रक मोडून वर आधी जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे दुपारपर्यंत त्यांनी विरोधकांचे मतदार काळजीपूर्वक, हाताला धरून, शाळेत पोचवले. टोकाच्या लोकांना सांगितलं, सत्कार आटोपला की लगेच येतो, थांब्यावर या.

अडीचला ते हॉलमध्ये आले. तेरा पदाधिकारी आणि सत्कारमूर्ती स्टेजवर. समोर प्रेक्षकांत मी एकटी आणि बाबागाडी. नानिवडेकरांनी भारतातून मागवलेला फेटा सहचिटणिसांनी त्यांच्या डोक्याला बांधला. भगव्या फेट्याखाली ते लाल कान आणखीच लाल दिसायला लागले. मग दीपप्रज्वलन. शैलाताईंनी समईच्या पाचही वाती पेटवल्या, वर उदबत्त्यांचा जुडगा लावला आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला.

नियमाप्रमाणे सगळे बाहेर कार पार्कात. अग्निशमन दल येऊन तपासून जाईपर्यंत आत जायचं नाही. आणि इन्व्हरडालीचं अग्निशमन दल म्हणजे खाटीक, प्लंबर आणि शाळेतले पीटीचे सर, तेही मतदानाच्या रांगेतून येणार. वॉल्टरराव फेटा बांधून, नारळ धरून कार पार्कात उभे. इझोबेल धावत आली.

"वॉल्टर! टोकाची माणसं थांब्यावर उभी आहेत. वारा किती सुटलाय बघ. आत्ताच जा, हे लोक तसेही बाहेरच आहेत!"

"मध्यंतर आहे," वॉल्टरराव म्हणाले.

मी नवऱ्याला म्हटलं, "प्रसाद, तू आपली कार घेऊन जा ना वरती."

"अगं, माझं अहवालवाचन आहे," खजिनदार म्हणाले. पण नाही म्हणत म्हणत तो गेला, आणि एकटाच परत आला. थांब्यावरच्या बायकांनी त्याला सांगितलं होतं, वॉल्टर येतो म्हणालाय, तो येईल, तू जा बाळा.

अग्निशमन दल आलं. अलार्म बंद झाला. नानिवडेकरांना फार आनंद झाला, कारण आता पाहुणे वाढले होते. खाटीक, प्लंबर आणि पीटीचे सर हेल्मेट मांडीवर घेऊन स्टेजवर बसले. इझोबेल भावाला ओढायला स्टेजच्या पायऱ्या चढली, तर शैलाताईंनी तिला तिथेच कुंकू लावलं आणि खण-नारळाने तिची ओटी भरली. हातात दोन मुठी तांदूळ आलेल्या माणसाला काहीच करता येत नाही. ती पदरहीन स्कर्टाची झोळी धरून खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मी नजर खाली वळवली.

नानिवडेकरांनी परिचय करून दिला. सुरुवात स्कॉटलंडच्या भूगोलापासून. मग इतिहास. वॉल्टररावांचा जन्म व्हायला फार वेळ लागला. मग अहवालवाचन, मग उपाध्यक्षांचं मनोगत, मग मानपत्र. मानपत्र मराठीत होतं, त्याचा इंग्रजी अनुवाद वाचला, मग अनुवादात उतरत नाहीत त्या ओळींचं स्पष्टीकरण. मला त्यांचा सगळ्यांचा इतका राग आला होता की उठून ओरडावंसं वाटत होतं. पण मी उठले असते तर प्रेक्षागृहात फक्त बाबागाडी उरली असती. वॉल्टररावांनी खिशातून गोळ्या काढल्या. एक प्लंबरला दिली, एक खाटकाला, एक बहिणीला. तिने ती घेतली नाही. खिडकीतून टेकडी दिसत होती. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, मग पुन्हा वक्त्याकडे.

आभार झाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. वॉल्टरराव उठले, नानिवडेकरांचा हात हातात घेतला, "सुंदर कार्यक्रम" म्हणाले आणि फेट्यासकट व्हॅनमध्ये जाऊन बसले. टोकाच्या थांब्यावर कुणी नव्हतं. मतदान अजून बराच वेळ चालू राहणार होतं, पण ब्रेवर संध्याकाळचं जेवण झालं की माणसं सपाता घालतात, आणि एकदा सपाता घातल्या की घराबाहेर पडत नाहीत. त्यांनी दारं ठोठावली. आतून उत्तरं आली, अरेरे वॉल्टर, आता सपाता घातल्या रे. कुणाला मतासाठी आग्रह करणं त्यांना जमत नव्हतं. ते म्हणायचे, "बरोबर आहे, पाय गार पडू देऊ नका," आणि पुढचं दार. एका म्हातारीने म्हणे फेट्याकडे पाहून तुला लागलं का रे डोक्याला असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल कळला. जेवढ्या मतांनी ते हरले, तेवढी माणसं त्यांच्या व्हॅनमध्ये दोन खेपांत मावली असती.

मंडळात सुतकच पडलं. नानिवडेकरांनी राजीनामा दिला, पण तो स्वीकारायचा अधिकार अध्यक्षांना, म्हणजे त्यांनाच असल्याने तो पडून राहिला. मी शिऱ्याचा डबा घेऊन टलॉकांच्या घरी गेले. दार इझोबेलने उघडलं. वॉल्टरराव व्हॅन घेऊन गेले होते, फेरीची वेळ होती. स्वयंपाकघरात खुंटीला फेटा तसाच गोल बांधलेला टांगला होता.

"तुला वाटत असेल मूर्ख आहे तो," इझोबेल म्हणाली. ती रडलेली दिसत होती आणि त्याबद्दल चिडलेलीही. "आहेच. बाबा मासेबाजाराच्या समितीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांचा समारंभ झाला. शेवटी त्यांना आभार मानायचे होते. आठवडाभर न्हाणीघरात पाठ करत होते. बर्फवाल्याचेसुद्धा आभार होते त्यात. पण भाषणं लांबली, लोक उठून पबमध्ये गेले. बाबा उभे राहिले तेव्हा खुर्च्यांवर मी आणि वॉल्टर. दोघं लहान. बाबांनी पूर्ण म्हटलं. एक शब्द गाळला नाही. तेव्हापासून हा असा आहे. आणि त्याच्याबरोबर मी."

मी शिरा ठेवून घरी आले आणि वाटेत रडले.

बस परत आली. आणली ग्रेगर गिलक्रिस्टने. लोकांच्या प्रेमाखातर नाही. त्याच्या आईने त्याला सांगितलं की वॉल्टरची व्हॅन आता आठवडाभर रोज येते, माझे सगळे कपडे हॅडकसारखे वास मारायला लागलेत, तू आमदार आहेस ना, मग बस आण. उद्घाटनाला फीत कापली, भाषणं झाली, ग्रेगरने खात्याचे, कंपनीचे, आईचे आभार मानले. वॉल्टररावांचं नाव कुणी घेतलं नाही. ते पहिल्या रांगेत कडेला बसले होते, शेवटपर्यंत. मग बसमध्ये चढले आणि त्यानंतर रोज चढतच राहिले. म्हाताऱ्यांना बस फुकट असते. प्रवासी कमी पडले तर पुन्हा बंद करतील ही धास्ती त्यांना होती. म्हणून ते सकाळी बसायचे आणि दिवसभर वर-खाली करायचे. उतरताना दर वेळी ड्रायव्हरला 'आभार' म्हणायचे आणि पुन्हा चढायचे.

प्रसादला रीडिंगला परत नोकरी मिळाली आणि आम्ही इन्व्हरडाली सोडलं. स्टेशनवर सगळं मंडळ आलं होतं. गाडी आली, सामान चढलं, नमस्कार-चमत्कार झाले, पण गाडी निघेना. पुढे कुठेतरी सिग्नल बिघडला होता. थोड्या वेळाने नानिवडेकरांना ऑपरेशनला जायचं होतं, ते गेले. मग एकेक करत बाकीचे गेले. प्लॅटफॉर्मवर वॉल्टरराव एकटे उरले. बोलायचं संपलं. हवेबद्दल बोलून झालं. त्यांनी बाळाला गोळी दाखवली, मग मला दिली. रस्त्यापलीकडे ब्रेची बस आली, थांबली आणि त्यांच्याशिवाय गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली आणि गेली. मी म्हटलं, "वॉल्टरराव, तुम्ही निघा ना. गाडी कधी सुटेल काय माहीत."

ते म्हणाले, "अजून संपलेलं नाही."

वारा सुटला होता. रेनकोटाची कॉलर वर करून, हात मागे बांधून ते उभे होते, कितीही वेळ उभे राहायच्या तयारीने. मी खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिले आणि एकदम मला कळलं की ते गाडी सुटायची वाट बघत नव्हते.

मी बाळाला प्रसादकडे दिलं आणि डब्याच्या दारात येऊन उभी राहिले. आयुष्यात मी कधी आभारप्रदर्शन केलं नव्हतं, मंडळात मला ते पदच नव्हतं. मी मराठीतच बोलले, नानिवडेकर करायचे तसं, खणखणीत. म्हटलं, आजच्या या कार्यक्रमाच्या शेवटी मी मंडळाची एकमेव सभासद या नात्याने माननीय वॉल्टर टलॉक यांचे मनःपूर्वक आभार मानते. ते आमच्या हळदीकुंकवाला वेळात वेळ काढून उपस्थित राहिल्याबद्दल. मतदानाच्या दिवशी आमचं मानपत्र अनुवादासह ऐकून घेतल्याबद्दल. रिकाम्या थांब्यावर पावसात दार उघडं धरून उभं राहिल्याबद्दल. आणि ब्रेवरची बस आणल्याबद्दल, कारण ती त्यांनी आणली, दुसऱ्या कुणीही नाही. बर्फवाल्याचेही मी आभार मानले, ते मला तेव्हा कसं सुचलं ठाऊक नाही. आणि कार्यक्रम संपला असं जाहीर केलं.

ते टोपी काढून, मान खाली घालून ऐकत होते. एक शब्द कळत नव्हता त्यांना, 'आभार' सोडून. मान वर केली तेव्हा कान पार लाल झाले होते. "सुंदर कार्यक्रम," ते म्हणाले. टोपी डोक्यावर घातली, वळले आणि मागे न बघता चालू लागले. रस्त्यापलीकडे बस तिसऱ्यांदा आली होती. तीत चढले.

बस ब्रे चढायला लागली. पहिल्या थांब्यावर उभी राहिली. तिथे कुणी नव्हतं. दार उघडलं, जरा वेळ उघडं राहिलं, लागलं. मग दुसऱ्या थांब्यावर. आम्ही तिघं खिडकीतून ती टोकापर्यंत जाताना बघत होतो. आमची गाडी अजून हलली नव्हती.